भाषा बदलली तर जमविलेलें जाईल काय?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा एक बारा वर्षांचा पुतण्या पातूरला आमच्या घरीं येऊन राहिला होता. दुपारीं ऊन इतकें असे कीं, गांवालगतचीं लेणीं पाहावयास जाण्याचा बेत रोज संध्याकाळवर, आणि संध्याकाळीं दुसऱ्या दिवसावर ढकलला जाई. तोंपर्यंत हा मुलगा ओसरीवर बसून मोबाईलवर शेतीचा एक व्हिडिओ गेम खेळत असे. चार महिन्यांत त्यानें त्या गेममध्यें विहीर खणली होती, बैलजोडी घेतली होती, गव्हाचीं दोन पिकें काढलीं होतीं, आणि एका पांढऱ्या गाईचें नांव इंग्रजी अक्षरांनीं ‘ढवळी’ असें लिहून ठेवलें होतें. एके दिवशीं त्याला त्या गेमच्या सेटिंगमध्यें भाषांची यादी सांपडली. तींत मराठी नव्हती, हिंदी होती. इंग्रजी सूचना अर्ध्यामुर्ध्या समजून खेळणाऱ्या त्या मुलाला हिंदीचा मोह पडला, पण त्या शब्दावर बोट ठेवण्यापूर्वीं तो थबकला आणि त्यानें आम्हांस विचारलें, “काका, भाषा बदलली तं माहं सारं जमवलेलं जाईन काय?”

आम्हीं तत्काळ “नाहीं रे” म्हणून सांगितलें. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं, त्याला भाषांतरानें वस्तूचा रंग कदाचित् उतरतो, पण वस्तु नष्ट होत नाहीं, असें सहजच वाटतें. परंतु उत्तर देऊन झाल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, आपण विषय न पाहतांच निकाल दिला. पुढें चौकशी केली तेव्हां असें आढळून आलें कीं, मुलाची शंका आमच्या उत्तरापेक्षां अधिक शहाणपणाची होती. ती चौकशी येथें वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

वाङ्मयाच्या मासिकांत मुलांच्या खेळाची चर्चा कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. आमचें उत्तर असें आहे कीं, हा प्रश्न आजवरच्या कोणत्याही वाङ्मयप्रकारानें टीकाकारापुढें मांडलेला नाहीं. कादंबरी एका भाषेंत जन्मते आणि त्याच भाषेंत राहते. तिचें भाषांतर झालें तर तें निराळें पुस्तक होतें. मराठी वाचतां वाचतां मध्येंच इंग्रजी प्रत हातीं घेणाऱ्या वाचकाला फार तर पान शोधावें लागतें. त्याचें स्वतःचें असें कांहीं हरवत नाहीं. कारण पुस्तकांत त्याचें स्वतःचें कांहीं लिहिलेलेंच नसतें. व्हिडिओ गेमची गोष्ट वेगळी आहे. येथें अर्धा मजकूर कर्त्याचा आणि अर्धा खेळणाराचा असतो. कर्त्यानें रान दिलें, खेळणारानें विहीर खणली. कर्त्यानें गाय दिली, खेळणारानें तिला नांव दिलें. हा दुसरा अर्धा भाग सेव्ह केलेल्या फाईलमध्यें राहतो. अशी कृति मध्येंच भाषा बदलते तेव्हां खेळणाराच्या अर्ध्या भागाचें काय होतें, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नाहीं. नांव आणि वस्तु यांचा संबंध काय, हा जो साहित्यशास्त्राचा जुना प्रश्न, तोच येथें एका मुलाच्या गाईच्या रूपानें पुढें आला आहे.

प्रथम चांगल्या बांधणीच्या गेममध्यें काय होतें तें पाहूं. कोणत्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत पुस्तक येतें तेव्हां त्याला एक दाखल क्रमांक मिळतो. पुढें सूची इंग्रजींत करा, मराठींत करा, कपाट बदला, ग्रंथपाल बदला. क्रमांक तोच राहतो, आणि विद्यार्थ्याच्या नांवावर जें पुस्तक चढलें तें त्या क्रमांकानें चढलेलें असतें. जाणता कर्ता गेमची हीच व्यवस्था ठेवतो. मुलाच्या फाईलमध्यें ‘विहीर’ किंवा ‘बैल’ हे शब्द नसतातच. अमुक क्रमांकाची वस्तु अमुक ठिकाणीं आहे, एवढेंच असतें. शब्दांची यादी निराळ्या फाईलमध्यें, प्रत्येक भाषेची वेगळी, ठेवलेली असते. भाषा बदलली म्हणजे एक यादी मिटते आणि दुसरी उघडते. जमविलेल्या वस्तूंस धक्का लागण्याचें कारणच उरत नाहीं. अशा गेमपुरतें आमचें “नाहीं रे” खरें होतें.

पण सगळेच कर्ते असे जाणते नसतात. कित्येक गेममध्यें वस्तूचें दिसावयाचें नांव हेंच तिचें ओळखचिन्ह करून ठेवलेलें असतें. इंग्रजींत खेळतांना ज्या नांवानें वस्तु फाईलमध्यें गेली, तें नांव हिंदीच्या यादींत नाहीं. म्हणून वस्तु असूनही सांपडत नाहीं. याहून सूक्ष्म दोषही आहेत. जर्मन आणि फ्रेंच रिवाजांत दशांश दाखविण्यास टिंबाऐवजीं स्वल्पविराम देतात. दीड हा आंकडा त्या रिवाजानें फाईलमध्यें लिहिला गेला आणि पुढें इंग्रजी रिवाजानें वाचूं लागलें, तर तो दीड राहत नाहीं. कधीं पंधरा होतो, तर कधीं वाचलाच जात नाहीं. तुर्की भाषेंत ‘आय’ हें रोमन अक्षर दोन प्रकारचें आहे, एक टिंबाचें आणि एक बिनटिंबाचें. तेथें लहान अक्षराचें मोठें अक्षर करतांना टिंब तसेंच राहतें. त्यामुळें इंग्रजी नियम गृहीत धरून लिहिलेल्या प्रोग्रॅमला आपलेच शब्द ओळखूं येत नाहींसे होतात. संगणकावर काम करणारांस हे अडथळे चांगले परिचयाचे आहेत.

यांतील एक अडथळा थेट आमच्या मराठीचा आहे, आणि तो वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. कोणत्या भाषेंत तारीख कशी लिहावी, आंकडे कोणते वापरावे, याचा एक मोठा कोश यूनिकोडची संस्था ठेवते, आणि जगांतील बहुतेक मोबाईल व संगणक त्याचाच आधार घेतात. त्या कोशांत हिंदीसाठीं नेहमींचे आंकडे इंग्रजी धरले आहेत, मराठीसाठीं मात्र देवनागरी. आमच्या भाषेचा रिवाज पाहतां हें योग्यच आहे. पण परिणाम पाहा. एखाद्या निष्काळजी प्रोग्रॅमरनें आपल्या गेमच्या तिसऱ्या फाईलच्या नांवांत तीनाचा आंकडा घालतांना तो कोणत्या रिवाजानें लिहावा, हें सांगितलेंच नाहीं. मोबाईल इंग्रजींत असतां तो आंकडा इंग्रजी पडला. मुलानें मोठ्या हौसेनें मोबाईलची भाषा मराठी केली. आतां तोच प्रोग्रॅम ‘३’ असें देवनागरी अक्षर घातलेल्या नांवाची फाईल शोधूं लागला. तशी फाईल नाहीं. म्हणून त्यानें मुलाला नवा, कोरा खेळ मांडून दिला. जुनी फाईल जागच्या जागीं सुरक्षित आहे, पण तिला हांक मारणारा तिचें नांव दुसऱ्या अक्षरांत घेत आहे. मुलाच्या दृष्टीनें मात्र घडलें तें एवढेंच: मराठी केली आणि सारें गेलें.

आमच्या मतें या प्रकरणांतील खरी हानि हीच. गहूं पुन्हां पेरतां येईल, विहीर पुन्हां खणतां येईल; पण आपली भाषा निवडली म्हणजे कमावलेलें जातें, हा धडा बारा वर्षांच्या मुलाच्या मनांत एकदां बसला कीं तो केवळ गेमपुरता राहत नाहीं. तो मोबाईल पुन्हां इंग्रजी करतो आणि कायमचा इंग्रजी ठेवतो. दोष निष्काळजी कारागिराचा, आणि बट्टा मात्र मराठीला.

आतां एका प्रसिद्ध कृतीकडे वळूं, कारण तिनें हा प्रश्न टाळला नाहीं; फक्त त्याचें उत्तर कठोर दिलें. ‘पोकेमॉन’ या जपानी मालिकेंतील ‘एक्स’ आणि ‘वाय’ हे दोन गेम १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं जगभर एकाच दिवशीं प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीं प्रत्येक देशाची प्रत त्या त्या भाषेची असे. या वेळीं मात्र जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश आणि कोरियन अशा सात भाषा एकाच प्रतींत आल्या. खेळ सुरू करतांना भाषा विचारली जाते; परंतु एकदां निवडलेली भाषा पुढें बदलतां येत नाहीं. बदलावयाची झाल्यास सेव्ह केलेली फाईल पुसून पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. म्हणजे आमच्या पुतण्याची भीति येथें नियम होऊन बसली आहे.

या नियमाची बाजू घेणारांस एक चांगला मुद्दा मांडतां येईल. या मालिकेंत प्रत्येक प्राणी आपण कोणत्या भाषेच्या प्रतींत जन्मलों याची खूण आपल्याबरोबर बाळगतो. इंग्रजी ‘बल्बासोर’ हा जपानींत ‘फुशिगिदाने’. जपानी प्रतींतील प्राणी देवघेवींत इंग्रजी प्रतींत आला तरी आपल्या जपानी नांवानिशीं येतो. इतकेंच नव्हे, तर २००६ सालच्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या गेमपासून अशी योजना आहे कीं, निरनिराळ्या भाषांच्या प्रतींतील आईबाप एकत्र आणले तर पिल्लू दुर्मिळ रंगाचें निपजण्याचा संभव वाढतो. कर्त्यांपैकीं जुनिची मसुदा यांच्या नांवावरून खेळणारे या युक्तीला ‘मसुदा पद्धत’ म्हणतात. परभाषेशीं संबंध आल्यानें संतति उजळते, ही कल्पना कोणाही भाषाभ्यासकास आवडावी अशीच आहे. जेथें भाषा ही प्राण्याच्या जन्माची खूण झाली आहे, तेथें ती वाटेल तेव्हां बदलूं न देणें सुसंगत आहे, असें म्हणतां येईल.

हा युक्तिवाद आम्हांस सुंदर वाटतो, पण पुरा पटत नाहीं. प्राण्याची जन्मभाषा त्या प्राण्यापाशीं नोंदलेलीच आहे. मग वाचणाराची भाषा बदलल्यानें ती खूण कां पुसली जावी? आमचा जन्मदाखला मराठींत आहे. आम्ही इंग्रजी कादंबरी उघडली म्हणून तो बदलत नाहीं. खेळणारानें दिलेलें नांव आणि खेळणारास दिसावयाची सूचना हे दोन निराळे मजकूर आहेत. पहिला त्याचा स्वतःचा, तो होता तसाच राहावा. दुसरा कर्त्याचा, तो मागेल त्या भाषेंत मिळावा. अशी सोय अशक्य नाहीं. ‘झेल्डा’ मालिकेंतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा गेम २०१७ मध्यें निघाला आणि त्याच वर्षीं त्यांत अशी सुधारणा झाली कीं, पात्रांचे आवाज एका भाषेंत ऐकावे आणि लेखी मजकूर दुसऱ्या भाषेंत वाचावा. चालूं खेळ मोडावा लागत नाहीं. तेव्हां कठोरपणा हा कलेचा आग्रह नसून सोयीचा आहे, असा आमचा निर्णय आहे.

कोणी म्हणेल कीं, एवढा खटाटोप कशाला? मुलांनीं इंग्रजींतच खेळावें. तेवढीच इंग्रजी सुधारेल. आम्ही स्वतः इंग्रजीचे अध्यापक असल्यामुळें हा सल्ला आमच्याच तोंडीं शोभला असता. पण वर्गांतील अनुभव निराळा आहे. सूचना न समजतां बटणें दाबीत गेल्यानें इंग्रजी येत नाहीं; येते ती न समजतांही पुढें सरकण्याची संवय. पुढें हींच मुलें परीक्षेचा प्रश्नही तशाच रीतीनें वाचतात. इंग्रजी अवश्य शिकावी. पण आपल्या भाषेंतून तिकडे आणि तिकडून पुन्हां आपल्या भाषेकडे निर्धास्त ये-जा करतां आली तरच ती अंगीं लागते. पुण्यांत तयार झालेला ‘राजी’ हा गेम २०२० मध्यें निघाला तेव्हां त्याची कथा भारतीय, देवता भारतीय, पण नायिकेची वाणी इंग्रजी होती. सुधारलेल्या आवृत्तींत तिला हिंदी वाणी मिळाली. हा क्रम आम्हांस बोलका वाटतो. आमच्याकडे आपली भाषा बहुधा मागाहून येते. आणि मागाहून येणाऱ्या भाषेला आधीं साठविलेल्या फाईली सांभाळाव्याच लागतात.

यांत दुसऱ्यांस दोष देतांना आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणें भाग आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्हीं आपलीं मराठी व्याख्यानें आणि टिपणें संगणकावर टाईप करून घेतलीं. त्या वेळच्या मराठी फॉण्टची युक्ति अशी असे कीं, फाईलमध्यें रोमन अक्षरांचेच संकेत साठवावयाचे आणि पडद्यावर त्यांच्या जागीं मराठी अक्षरांचें चित्र दाखवावयाचें. तो फॉण्ट असेपर्यंत सारें मराठी होतें. पुढें संगणक बदलला, फॉण्ट राहिला नाहीं. आणि आमच्या दहा वर्षांच्या श्रमांच्या जागीं रोमन अक्षरें, कंस आणि उद्गारचिन्हें यांचा निरर्थक रांधा दिसूं लागला. अक्षर न् अक्षर शाबूत आहे, पण शब्द एकही नाहीं. देवनागरीला प्रत्येक अक्षरागणिक स्वतःचा संकेत देणारा यूनिकोड १९९१ पासून अस्तित्वांत होता. आम्ही त्याकडे उशिरां वळलों. ज्यानें आपलीं टिपणें अशीं घालविलीं, त्यानें पुतण्याला “नाहीं रे” म्हणून सांगावें, हें जरा धाडसाचेंच होतें.

या वऱ्हाडच्या भूमींत राहणारास याहून मोठें उदाहरण आठवल्यावांचून राहत नाहीं. महानुभाव पंथाचें रिद्धपूर हें ठिकाण अमरावती जिल्ह्यांत आहे, आणि मराठी गद्याचा आद्य ठेवा जें म्हाइंभटांचें ‘लीळाचरित्र’, त्याचा त्या ठिकाणाशीं निकट संबंध आहे. संस्कृतांत ग्रंथ लिहूं पाहणाऱ्या केशवराजांस नागदेवाचार्यांनीं, तसें केल्यास साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायकांचें नुकसान होईल, म्हणून अडविलें, असा प्रसंग ‘स्मृतिस्थळां’त आहे. भाषेच्या निवडीनें कोणाचें काय जातें, हा प्रश्न येथें सातशें वर्षांपूर्वीं किती स्पष्टपणें कळला होता! पण त्याच पंथानें पुढें आपल्या ग्रंथांच्या रक्षणासाठीं ते सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. अक्षरांच्या जागीं दुसरीं अक्षरें व चिन्हें आलीं, आणि ती किल्ली पंथाबाहेर कोणास ठाऊक नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा केला, आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे आदि संशोधकांनीं तें वाङ्मय लोकांपुढें आणलें. तोंपर्यंत शतकानुशतकें तो ठेवा जपलेला होता, पण सामान्य मराठी वाचकाच्या लेखीं नव्हता. पंथाच्या मठांत किल्ली जिवंत राहिली, म्हणूनच पोथ्याही जिवंत राहिल्या. मोडीचेंही तसेंच. तिला २०१४ मध्यें यूनिकोडमध्यें स्थान मिळालें. परंतु घरोघरच्या पेटाऱ्यांतील मोडी कागद वाचणारा मनुष्य त्यानें आपोआप निर्माण होत नाहीं. जपणें म्हणजे केवळ कागद किंवा फाईल ठेवणें नव्हे. ती वाचण्याची किल्लीही तिच्या शेजारीं ठेवणें होय.

या विवेचनावरून आम्ही तीन कसोट्या सुचवितों. गेमनें वस्तु क्रमांकानें जपावी, दिसणाऱ्या नांवानें नव्हे. खेळणारानें स्वतः लिहिलेला शब्द त्याच्या अक्षरांत अक्षरशः जपावा. तो भाषांतरितही करूं नये आणि तोडूंही नये. आणि भाषा केव्हांही, मागेंपुढें, कांहीं न गमावतां बदलूं द्यावी. गेमचीं परीक्षणें लिहिणारे चित्रें, संगीत, कथा यांना गुण देतात आणि भाषांची नुसती यादी छापून मोकळे होतात. त्यांनीं एकदां तरी मध्येंच भाषा बदलून पाहावी. भाषांतर कितीही सुरस असलें तरी ज्या कृतींत त्याकडे जाण्याची वाट मोडकी आहे, ती त्या मर्यादेपर्यंत सदोष कृति आहे.

आतां ढवळीची हकीकत सांगून संपवूं. आम्हीं पुतण्याला सांगितलें कीं, आधीं फाईलची दुसरी प्रत करून ठेव, मगच भाषा बदल. आणि मराठी गेम येवोत न येवोत, हा एक नियम प्रत्येक घरीं पाळण्याजोगा आहे. त्यानें तसें केलें. विहीर, बैल, गहूं सारें जागच्या जागीं होतें. फक्त नांवें हिंदी झालीं होतीं. गाईचें नांव मात्र इंग्रजी अक्षरांतच राहिलें, आणि तें योग्यच होतें. मग त्याला तें देवनागरींत लिहावेंसें वाटलें. त्यानें लिहिलें, ‘ढ’ उमटला, ‘व’ उमटला, आणि ‘ळ’च्या जागीं एक रिकामा चौकोन उभा राहिला. गेमकर्त्यांनीं हिंदीपुरतीं अक्षरें भरलीं होतीं. त्यांच्या खिळ्यांच्या पेटींत ‘ळ’ नव्हता. आम्हांस राग आला. मुलानें खेळ बंद केला, पुन्हां उघडला, तेंच नांव तेथून उचलून आपल्या आईला मेसेजमध्यें पाठविलें, तों तेथें तें अगदीं नीट ‘ढवळी’ असें दिसलें. फाईलमध्यें अक्षर होतें. तें दाखविण्याचें सामर्थ्य गेमला नव्हतें.

“काका, आतमंदी ढवळीच हाये,” तो म्हणाला, “याले दिसत नाही एवढंच.”

त्यानें नांव बदललें नाहीं. चौकोनासकट तसेंच ठेवलें. आम्हीं त्या दिवशीं गेमकर्त्यांस इंग्रजींत एक पत्र लिहून ‘ळ’ हें अक्षर घालण्याविषयीं विनंति केली आहे. उत्तर आलें नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं अशीं मुलें आहेत, त्यांनींही आपापल्या गेमच्या कर्त्यांस अशीं पत्रें अवश्य लिहावीं.